ऑक्सिजन टनात, लिटरमध्ये की सिलेंडरमध्ये? आधी किलोमोलमध्ये आणा

एप्रिल २०२१ आठवा, कोरोनाची दुसरी लाट. पेपरात ऑक्सिजनची मागणी टनात यायची, वॉर्डातले डॉक्टर सांगायचे की पेशंटला १५ लिटर लागतायत, सिलेंडरवाला नगावर बोलायचा, हॉस्पिटलच्या आवारात बसवायच्या प्लँटचं कोटेशन ताशी एनएम क्यूबमध्ये (नॉर्मल घनमीटर) यायचं आणि सरकारने ठरवलेला भाव घनमीटरवर. वायू एकच आणि मोजायच्या पाच पद्धती. सोसायटीत केमिकल इंजिनियर म्हणजे मी, त्यामुळे "अहो, एक टन म्हणजे किती सिलेंडर हो?" हा प्रश्न त्या दिवसांत मला खूप जणांनी विचारला. लोकांना वाटायचं की हा साधा गुणाकार आहे, कुठेतरी एक आकडा असेल त्याने गुणायचं. गुणाकारच आहे, पण मधे मोल यायला पाहिजे, नाहीतर उत्तर पाच-दहा टक्क्यांनी सहज घसरतं, आणि त्या दिवसांत दहा टक्के म्हणजे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

सोपा भाग आधी उरकून टाकतो. मोलर फ्लो रेट म्हणजे दर सेकंदाला किंवा दर तासाला किती मोल जातायत ते. एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण, आणि २० मे २०१९ पासून हाच आकडा व्याख्या म्हणून धरलाय, कार्बनच्या १२ ग्रॅमवरची जुनी व्याख्या गेली. पुस्तकात मोल पर सेकंद, प्लँटवर किलोमोल पर अवर, अमेरिकन ड्रॉइंगवर पाउंडमोल पर अवर. किलोमोल पर अवरला ३.६ ने भागलं की मोल पर सेकंद आले. एक पाउंड म्हणजे ४५३.५९२३७ ग्रॅम, म्हणून एक पाउंडमोल म्हणजे ४५३.५९२३७ मोल, म्हणजे पाउंडमोल पर अवरला ०.४५३६ ने गुणलं की किलोमोल पर अवर. यात वायू कुठला, तापमान किती, काही विचारावं लागत नाही. टनाचंही तसंच, फक्त मॉलिक्युलर वेट पाहिजे, ऑक्सिजनचं ३२, की एक टन म्हणजे ३१.२५ किलोमोल. मुंबईत असो की लेहमध्ये, ३१.२५ च.

घोळ सुरू होतो लिटर आणि घनमीटरपासून. वायूचं लिटर म्हणजे पोत्यावर मोजलेला कापूस आहे, दाबून भरलाय की पोकळ ते सांगितल्याशिवाय पोत्यांच्या संख्येला काही अर्थ नाही. वायूच्या बाबतीत ते सांगणं म्हणजे तापमान आणि प्रेशर. शून्य डिग्री आणि १ ॲटमॉस्फियरला एक मोल २२.४१४ लिटर जागा घेतो, हा आकडा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून बसलेला. पण १९८२ मध्ये आययूपॅकने, म्हणजे रसायनशास्त्राच्या जागतिक संघटनेने, एसटीपीचं (स्टँडर्ड तापमान आणि प्रेशर) प्रेशर १ ॲटमॉस्फियरवरून १ बार केलं, तेव्हापासून तोच मोल २२.७११ लिटर झाला, आणि एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आता हाच आकडा आहे, म्हणजे बापाच्या डोक्यात २२.४ आणि पोराच्या वहीत २२.७, दोघंही आपापल्या जागी बरोबर. १५ डिग्री आणि १ ॲटमॉस्फियर घेतलं तर २३.६४५, हे आपल्याकडे नॅचरल गॅसवाले वापरतात. २० डिग्रीला २४.०५५. २५ ला २४.४६५. आणि आपल्याकडची खोली धरायची, २७ डिग्री, तर २४.६३. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक आहे, आणि हे सगळे आकडे लोक "स्टँडर्ड" या एकाच शब्दाखाली वापरतात. माझा राग या शब्दावर आहे. कागदावर नुसतं "स्टँडर्ड क्यूबिक मीटर" लिहिलेलं दिसलं की मी पेन्सिलने पुढे प्रश्नचिन्ह काढतो आणि समोरच्याला फोन लावतो, स्टँडर्ड म्हणजे किती डिग्री, किती प्रेशर, आधी ते सांगा.

हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही, पैशाचा पण आहे. सप्टेंबर २०२० मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांचे भाव ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, लिक्विड मेडिकल ऑक्सिजनचा भाव जीएसटी सोडून घनमीटरला १५ रुपये २२ पैसे असा बांधून दिला होता. आता टँकर येतो टनात, काट्यावर वजन होतं, मग घनमीटर किती धरायचे? शून्य डिग्री धरली तर एक टन म्हणजे ७०० घनमीटर, बिल १०,६६० च्या आसपास. १५ डिग्री धरली तर ७३९ घनमीटर, बिल ११,२५०. २७ डिग्री धरली तर ७७० घनमीटर, बिल ११,७१५. टँकर तोच, ऑक्सिजन तोच, रेणू एकही कमीजास्त नाही, आणि टनामागे हजार रुपयांचा फरक. म्हणून भाव घनमीटरवर असेल तर शेजारी तापमान आणि प्रेशर छापलेलंच पाहिजे, आणि खरं म्हणजे भाव किलोवर असावा, काटा सगळ्यांकडे असतो.

आता मूळ प्रश्नाकडे. एक टन म्हणजे किती सिलेंडर आणि किती पेशंट. मी सगळीकडे १५ डिग्री आणि १ ॲटमॉस्फियर धरतोय, हे आधी सांगून ठेवतो. जंबो सिलेंडर, ज्याला डी टाइप म्हणतात, त्यात पाणी भरलं तर ४६.७ लिटर मावतं, आणि तो १५० बारला भरतात, म्हणून ४६.७ गुणिले १५० बरोबर साधारण ७००० लिटर, म्हणजे ७ घनमीटर. भागिले २३.६४५, आले २९६ मोल. म्हणजे साडेनऊ किलो ऑक्सिजन. टनाचे ३१,२५० मोल भागिले २९६, उत्तर साधारण १०५ सिलेंडर. (इतक्या प्रेशरला ऑक्सिजन आदर्श वायूसारखा वागत नाही, हिशोबापेक्षा पाचेक टक्के जास्त मावतो, त्यामुळे ७००० लिटर हा हात राखून धरलेला आकडा आहे.)

पेशंटचं बघूया. रिझर्व्हॉयरवाला मास्क, ज्याला एनआरबीएम म्हणायचे, तो १५ एलपीएमवर, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. १५ भागिले २३.६४५ म्हणजे मिनिटाला ०.६३ मोल, तासाला ३८ मोल, दिवसाला साधारण ९१४ मोल, म्हणजे २९ किलो. तीन जंबो सिलेंडर रोज, एका माणसाला. हाय फ्लो नेझल कॅन्युला, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणारी नळी, ६० एलपीएमवर आणि शंभर टक्के ऑक्सिजनवर असेल तर चौपट, रोजचे ११७ किलो, बारा सिलेंडर. म्हणजे एक टन रोज मिळाला तर मास्कवरचे ३४ पेशंट निभतील किंवा हाय फ्लोवरचे आठ. हा आकडा मी तेव्हा पहिल्यांदा काढला आणि पुन्हा पुन्हा तपासला, कारण आठ हा फार लहान आकडा आहे हो.

आणि याच्या शेजारी ठेवायचा दुसरा आकडा. निवांत पडलेला माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, आणि फिजिऑलॉजीवाले हे नेमकं सांगतात की शून्य डिग्री, १ ॲटमॉस्फियर, कोरडा, त्यांच्याकडे याला एसटीपीडी असं नावच आहे, कारण फुप्फुसातलं तेच लिटर ३७ डिग्रीचं आणि वाफेने भरलेलं असतं आणि आकारमान १.२१ पट होतं. मला या लोकांचं फार कौतुक वाटतं, प्रत्येक व्हॉल्यूमच्या मागे कंडिशन लावायची शिस्त त्यांनी इंजिनियरांपेक्षा जास्त पाळली. तर २५० मिलिलिटर भागिले २२.४१४ म्हणजे मिनिटाला ११ मिलिमोल, दिवसाला १६ मोल, म्हणजे अर्धा किलो. मास्कमधून २९ किलो सोडतोय त्यातला शरीर वापरतं अर्धा किलो, तापात असेल तर थोडा जास्त. बाकीचा बाहेर जातो. याचा अर्थ १५ लिटर देणं उधळपट्टी होती असं अजिबात नाही, आजारी फुप्फुसातून तो अर्धा किलो रक्तात ढकलायचा असेल तर आत जाणारी सगळी हवाच ऑक्सिजनची असावी लागते, आणि धाप लागलेला माणूस मिनिटाला खूप लिटर हवा ओढतो. पण मोलमध्ये आणल्यावर चित्र जसं दिसतं तसं लिटरमध्ये दिसत नाही.

राज्याचा आकडा पण आणून बघा. त्या वेळी महाराष्ट्रातली ऑक्सिजन निर्मिती दिवसाला बाराशे-साडेबाराशे टनांच्या आसपास सांगितली जात होती आणि मागणी त्याच्या पुढे गेलेली. १२५० टन रोज म्हणजे ताशी १६२८ किलोमोल, म्हणजे सेकंदाला ४५२ मोल. एलपीएममध्ये साधारण ६ लाख ४० हजार. भागिले १५, आले त्रेचाळीस हजार मास्क, तेही एक लिटरही वाया न जाता, हाय फ्लो एकही न लावता. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला का पाठवावे लागले ते या एका भागाकारात दिसतं. पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस शंभर टनांच्या वर घेऊन नागपूर आणि नाशिकला आली, शंभर टन म्हणजे ३१२५ किलोमोल, म्हणजे मास्कवरच्या ३४०० पेशंटांचा एक दिवस.

नंतर पीएसए प्लँट आले, जागेवरच हवेतून ऑक्सिजन काढणारे. डीआरडीओच्या तंत्रावरचे १००० एलपीएमचे, आणि त्यांच्या पत्रकात होतं की एक प्लँट ५ एलपीएमने १९० पेशंटना पुरेल आणि दिवसाला १९५ सिलेंडर भरेल. असे आकडे दिसले की मी उलटा हिशोब करतो, सवय आहे. १००० एलपीएम दिवसभर म्हणजे १४४० घनमीटर, भागिले ७ म्हणजे २०५ सिलेंडर. १९५ लिहिलंय म्हणजे थोडा हात राखलाय, ठीक. १९० पेशंट गुणिले ५ म्हणजे ९५० एलपीएम, तेही ठीक. आता मोल. १००० भागिले २३.६४५ म्हणजे मिनिटाला ४२.३ मोल, ताशी २.५४ किलोमोल. पण पीएसएमधून निघतो तो ९३ टक्क्यांच्या आसपासचा ऑक्सिजन, बाकी मुख्यतः आरगॉन आणि थोडा नायट्रोजन, म्हणून शुद्ध ऑक्सिजन ताशी २.३६ किलोमोल, म्हणजे दिवसाला १.८ टन. तेव्हा लोक सर्रास "हजार एलपीएम म्हणजे दोन टन" म्हणायचे, आणि एकूण वायू धरला तर १.९५ टन येतातच, पण टँकरमधून येणाऱ्या ९९ टक्क्यांच्या वरच्या ऑक्सिजनशी तुलना करायची तर १.८ धरावे लागतात. टनाटनाची तुलना करतानासुद्धा टन कशाचा हे विचारावं लागतं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते कॉम्प्रेसरबद्दल. पीएसए हवेतून ऑक्सिजन काढतो, म्हणजे आधी हवा दाबायला कॉम्प्रेसर लागतो. प्लँटवाल्याचा कागद एनएम क्यूबमध्ये असतो, म्हणजे शून्य डिग्री, १ ॲटमॉस्फियर, कोरडी हवा. कॉम्प्रेसरवाला विकतो एफएडीमध्ये, फ्री एअर डिलिव्हरी, आणि हे घनमीटर कॉम्प्रेसर ज्या हवेत उभा आहे त्या हवेचे असतात. दोन्हीकडे "घनमीटर पर अवर" लिहिलेलं, कागदावर आकडे जुळतात, ऑर्डर जाते. आता समजा ताशी १००० घनमीटर दोन्हीकडे. एनएम क्यूबचे १००० म्हणजे ४४.६ किलोमोल. पुण्यात मे महिन्यात एफएडीचे १००० किती? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, तिथे हवेचं प्रेशर ९५ किलोपास्कलच्या आसपास, तापमान ३५ डिग्री धरा, तर एक मोल २७ लिटर जागा घेतो. म्हणजे ३७ किलोमोल. त्यात दमट दिवस असला, ५० टक्के ह्युमिडिटी, तर तीन टक्के वाफच आहे, ती ड्रायरमध्ये जाणार, उरली कोरडी हवा ३६ किलोमोलच्या जरा खाली. तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन म्हणजे साडेसात किलोमोल, आणि प्लँट डिझाइन केलाय सव्वानऊच्या वर मिळतील असं धरून. एक पंचमांश ऑक्सिजन कागदावरच हरवला! गळती नाही, बिघाड नाही, झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) खराब नाही. महाबळेश्वरला असता तर २५ डिग्रीच्या सुखद हवेत पण ३४.७ च किलोमोल, कारण तिथे प्रेशर ८६ किलोपास्कल.

असा प्लँट मी एका ठिकाणी पाहिलाय, गाव सांगत नाही. प्युरिटी ९३ वर येईना, ८७-८८ वर अडकायची, सर्व्हिसवाले व्हॉल्व बदलून गेले, झिओलाइट बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या. कॉम्प्रेसरची नेमप्लेट वाचली, गावाची उंची बघितली, दोन्ही बाजू किलोमोलमध्ये आणल्या, आणि हवा कमी पडतेय हे अर्ध्या पानाच्या हिशोबात दिसलं. तिथल्या ऑपरेटरला मी म्हटलं, "दादा, आउटलेटचा फ्लो थोडा कमी करा आणि बघा." फ्लो खाली घेतला आणि प्युरिटी वर आली. तो म्हणाला, "साहेब, मग आम्हाला हजार लिटर म्हणून का दिलाय?" त्याचा प्रश्न रास्त होता. हजार लिटर कागदावर खरेच होते, ते दुसऱ्या हवेतले होते इतकंच, पण ते त्याला आधी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

रोटामीटरबद्दल (नळीत तरंगणाऱ्या गोटीच्या उंचीवर फ्लो दाखवणारं मीटर) पण दोन शब्द, कारण मोलर फ्लो काढताना बरेच जण रोटामीटरचं रीडिंग घेतात आणि सरळ २२.४ ने भागतात. रोटामीटरवरची रेघ एका ठराविक वायूसाठी, एका ठराविक तापमान आणि प्रेशरसाठी आखलेली असते. हवेसाठी आखलेल्या रोटामीटरमधून ऑक्सिजन सोडला तर खरा फ्लो रीडिंगच्या ०.९५ पट, कारण ऑक्सिजन थोडा जड आणि करेक्शन घनतेच्या वर्गमुळात जातं. हायड्रोजन सोडला तर पावणेचार पटीच्या आसपास! लॅबमध्ये हायड्रोजनेशन करणाऱ्या पोरांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे चुकीचा मोल फ्लो म्हणजे चुकीचं गणित एवढंच राहत नाही, सेफ्टीचा विषय होतो. प्रेशर वेगळं असेल तर त्याचंही वर्गमूळ. मास फ्लो कंट्रोलर वापरत असाल तर त्याच्यावर एससीसीएम (मिनिटाला स्टँडर्ड घनसेंटीमीटर) असतात, सेमीकंडक्टरवाल्यांकडे ते शून्य डिग्री आणि १ ॲटमॉस्फियरचे, एक एससीसीएम म्हणजे मिनिटाला ४४.६ मायक्रोमोल. पण काही कंपन्यांचे कंट्रोलर २० किंवा २५ डिग्रीवर कॅलिब्रेट केलेले येतात, सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं, ते काढून वाचा.

नॅचरल गॅसचं पटकन. आपल्याकडे एमएमएससीएमडी, दिवसाला दहा लाख स्टँडर्ड घनमीटर, १५ डिग्रीचे. एक एमएमएससीएमडी म्हणजे ताशी १७६२ किलोमोल. अमेरिकन एमएमएससीएफडी (घनमीटरऐवजी घनफूट) म्हणजे ताशी ४९.८ किलोमोल, तिथे ६० फॅरनहाइट, म्हणजे १५.५६ डिग्री. दोघांचा भागाकार ३५.३१ यायला पाहिजे असं वाटतं कारण एका घनमीटरमध्ये तितके घनफूट, पण येतो ३५.३८, तो अर्ध्या डिग्रीचा फरक आहे. ०.२ टक्के. घरच्या बिलाला काही नाही, पाइपलाइनच्या करारात हा फरक मोठा पैसा होतो.

आणि एक गंमत म्हणून नाही, खरंच जोडलेलं आहे म्हणून सांगतो, रक्ताच्या रिपोर्टवर एसजीपीटीपुढे (हे लिव्हरचं एन्झाइम) जे यू पर लिटर असतं ना, तो एक यू म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल. एन्झाइम दर मिनिटाला किती मोल पदार्थ बदलतो ते. १९९९ मध्ये याला मोल पर सेकंदवर आधारलेलं कॅटल नावाचं एसआय युनिट मिळालं, एक यू म्हणजे १६.६७ नॅनोकॅटल, पण आपल्या लॅब अजून यू मध्येच देतात. ६० ने भागायचं, बस. इथे लिटर आहे पण ते रक्ताच्या सीरमचं, म्हणजे द्रवाचं, म्हणून त्रास नाही.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण आमच्या शेजारची मुलगी. केमिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परवा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आली, म्हणाली, "काका, १०० एससीएफएम हवा मोल पर सेकंदमध्ये करायचीय आणि तीन कन्व्हर्टर तीन उत्तरं देतायत, बरोबर कुठलं?" तिची उत्तरं होती १.९४, १.९९ आणि २.११. तिला म्हटलं, तिन्ही बरोबर आहेत, बस आणि कुठलं कुणाचं ते शोधूया. एससीएफएम म्हणजे मिनिटाला स्टँडर्ड घनफूट. घनफुटात २८.३१७ लिटर, म्हणजे मिनिटाला २८३१.७ लिटर. २२.४१४ ने भागून ६० ने भागलं तर २.११, म्हणजे तो कन्व्हर्टर शून्य डिग्रीवाला. ६० फॅरनहाइट आणि १ ॲटमॉस्फियरला एक पाउंडमोल ३७९.५ घनफूट, त्यावरून १.९९, हा अमेरिकन गॅसवाला. आणि २० डिग्री, १ बार, जे कॉम्प्रेस्ड एअरवाले धरतात, त्यावरून १.९४. तिन्ही वेबसाइटवर कंडिशन कुठेही लिहिलेली नव्हती. ती म्हणाली, "मग मी कुठलं घेऊ?" मी म्हटलं, गणित दे इकडे. गणितात नुसतंच १०० एससीएफएम. मग तिने पुस्तकाच्या मागचं कन्व्हर्जन टेबल उघडलं, आणि टेबलच्या खाली बारीक अक्षरात ६० फॅरनहाइट आणि १४.६९६ पीएसआय सापडलं. तिने १.९९ घेतलं आणि वहीत उत्तराशेजारी कंसात तापमान आणि प्रेशर दोन्ही लिहिलं.